मोजून प्यायचं पाणी

माझ्या कामाची सुरुवात न उचललेल्या फोनांनी होते. खामगावच्या ज्या रुग्णालयात मी नर्स आहे, तिथं किडनीच्या पेशंटसाठी एक अगदी साधी सोय केलेली आहे. पेशंटनं सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभं राहायचं, आकडा पाहायचा आणि आमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. मग आम्ही उलट फोन लावतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. वजन किती भरलं, पायावर सूज आहे का, दम लागतो का, गोळ्या घेतल्या का. फोन बटणांचा असला तरी चालतो.

प्रश्नांच्या कागदावर 'जिना चढताना दम लागतो का' असं छापलेलं होतं. आमच्या भागात जिना असलेली घरं कितीशी? मी 'बांध चढताना' असं विचारते, मग लोक विचार करून उत्तर देतात.

वजनाचं कारण साधं आहे. किडनी थकली की प्यालेलं पाणी अंगातच साचत जातं. ते आधी काट्यावर दिसतं, मग घोट्यावर, मग श्वासात. काट्यावर असतानाच कळलं तर औषधाची मात्रा वाढवून निभावतं. श्वासात गेलं की गाडी करून पेशंटला आणावं लागतं, आणि गाडी वेळेवर मिळेल याची खात्री कोणी देत नाही.

फोनवर माणूस दिसत नाही, ही या कामातली खरी अडचण. गोळी घेतली का? हाव. मीठ बंद आहे ना? हाव. समोर भाकरीवर मिरचीचा ठेचा असला तरी हाव. त्यामुळं मी उत्तराच्या मागं काय ऐकू येतं तिकडं कान ठेवायला शिकले. कढईत काहीतरी तळलं जातंय, कोणी 'पापड भाजू का' म्हणून विचारतंय, माणूस एका वाक्यात दोनदा थांबतोय. हे आवाज ड्यूटी संपली तरी डोक्यातून जात नाहीत. जेवताना मधेच मला आठवतं की अमक्या आजीचा आवाज आज जड होता, आणि घास तसाच हातात राहतो. माझी रूममेट म्हणते, तू ताटावरही पेशंट घेऊन बसतेस.

माझं गाव वरवट बकालच्या पुढं, खारपाण पट्ट्यात आहे. विहीर खणली तरी खारं पाणी लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. किडनीचं दुखणं नसलेली गल्ली सापडायची नाही. प्यायचं गोड पाणी कॅननं येतं, नाहीतर नळाला, तेही नळ येईल त्या दिवशी. म्हणून आमच्याकडं पाहुण्याला तांब्याभर पाणी देण्याला मोल आहे. घरातलं सगळ्यांत चांगलं काय असेल ते आपण त्याला देत असतो.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा मजुरी करायचे; आता दुसऱ्याची थोडी शेती बटईनं करतात. मला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा दाखले, अर्ज, होस्टेल यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. ते सगळं काकांनी केलं. काका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते वरच्या गल्लीतले, जमीनवाले. आम्ही खालच्या गल्लीतले, बौद्ध. मोटरसायकलवर पुढं काका, मध्ये बाबा, मागं मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन मी, असे आम्ही कॉलेजला पोचलो. होस्टेलच्या कागदावर आणखी एका पालकाची सही हवी होती. ती काकांनी केली. नातं काय लिहू, असं कारकुनानं विचारलं, तर काका म्हणाले, "चुलता लिव्हा." कारकुनानं दोन्ही आडनावं दोनदा पाहिली आणि लिहिलं. माझ्या अंगावर आज नर्सचा पांढरा कोट आहे त्यात त्या सहीचा वाटा मोठा आहे.

दिवाळीनंतर एकदा ओपीडीच्या बाकावर काका बसलेले दिसले. सोबत काकू होत्या.

"तू अथी काय करून राह्यली?" काकांनी मलाच विचारलं.

"नोकरी, काका. तुम्ही?"

"मी बी हजेरी लावाले आलो."

काकू हसल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितलं की किडन्या बऱ्याच थकल्या आहेत आणि हृदयावरही ताण आहे. डायलिसिस लांबवायचं असेल तर गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी करायचं आणि दिवसाचं पाणी, चहा धरून, एक लिटरवर ठेवायचं. रोजच्या फोनवाल्यांत त्यांचं नाव घातलं गेलं आणि ते नेमके माझ्या वाट्याला आले.

निघताना काकांनी मला पॅसेजमध्ये बाजूला घेतलं. "तुह्या बापाले सांगजो नोको."

"काऊन?"

"नोको म्हनलं ना."

आम्हाला मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की पेशंटचं दुखणं त्याच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचं नाही, मग तो नात्यातला असो की गावातला. तेव्हा काकांनी बजावण्याची गरज नव्हती. तरी 'हो' म्हणताना मला कसंतरी झालं. बाबांपासून मी आजवर काही लपवलं नव्हतं.

पहिले काही दिवस नुसता काट्याचाच गोंधळ चालला. आज वजन एक, तर उद्या तीन किलो कमी. डॉक्टर मला विचारायचे, मी काकांना. शेवटी कळलं की काका काटा ठेवतात ती जमीन शेणानं सारवलेली आहे, आणि दर सारवणाला तिचे उंचवटे बदलतात. मी म्हटलं, घरात सपाट फरशी कुठं आहे? फरशी एकाच ठिकाणी होती, देवघरापुढं.

"मंग काय, रोज देवापुढं उभे राह्यतेत," काकूंनी फोन घेऊन सांगितलं. "पन आकडा पाहाले उजेड पाह्यजे म्हून देवाकडं पाठ करतेत. सांग त्याईले."

"देवाले बी कळू दे माहं वजन किती हाय ते," मागून काकांचा आवाज आला.

त्यानंतर आकडे खरे येऊ लागले. थंडीत सगळं ठीक चाललं होतं. काकांनी एक लिटरची बाटली ठरवली होती. सकाळी भरायची, दिवसभर तिच्यातलंच प्यायचं. गोळ्या वेळेवर, मीठ जेमतेम. आमच्या रोजच्या फोनला ते माझी 'शाळा' म्हणायचे. "गुरुजी, आज अभ्यास झाला," असं म्हणून आकडा सांगायचे. मला वाटायचं, ज्यांनी मला इथवर पोचवलं त्यांच्यासाठी मी रोज सकाळी एवढं तरी करते.

मार्च लागला आणि वजन हलायला लागलं. आधी अर्धा किलो, मग आणखी थोडं. घोट्यांवर सूज आली. गोळीची मात्रा वाढवली. दोन दिवस उतरलं आणि परत चढलं. मी विचारायची, पाणी किती? ते म्हणायचे, बाटलीभर. बाटली संध्याकाळपर्यंत पुरते का? पुरते. काकूही तेच सांगायच्या. दोघांच्या आवाजात मला खोट ऐकू येत नव्हती, आणि म्हणूनच माझा जीव जास्त खालीवर होत होता. मग हे पाणी येतंय कुठून? मी डॉक्टरांना विचारलं, हृदयाचंच काही नसेल ना? ते म्हणाले, आधी पाण्याचा नीट शोध घ्या.

शोध लागला तो दुसऱ्याच फोनवर. संध्याकाळी मी रोज घरी फोन करते. त्या दिवशी आईनं उचलला. तिचं बकरीबद्दल काही चाललं होतं आणि मागं, ओट्यावरून, बाबांचा आवाज आला.

"आले का सायेब?"

"आलो. तुह्या वट्ट्यावर बसाले टॅक्स लागते काय बे?"

"बस. पानी घे."

मग दगडावर तांब्या टेकल्याचा आवाज. परत बाबा. "अजून घे. उन्हातून आला लेका."

"तुहे काका आले," आई म्हणाली. "रोजचंच त्याईचं. च्या मांडाचा हाय, ठेवू का?"

मी ठेव म्हटलं. तो तांब्या मला माहीत होता. पितळेचा, मोठा. घरात स्टीलचे चार तांबे आहेत, पण काकांसाठी तोच निघतो. आई तो राखेनं घासून ठेवते आणि कॅनचं पाणी आलं की आधी तोच भरते.

त्या तांब्यामागं एक जुनी गोष्ट आहे. ती मला कोणी बसवून सांगितलेली नाही, तुकड्यातुकड्यानं कळलेली आहे. काकांच्या घरचे लोक पूर्वी आमच्या घरचं पाणी घेत नसत. काका आणि बाबा शाळेत एका बाकावर बसायचे, पण घरी मात्र हा आपल्या गल्लीत, तो आपल्या. मग ऐन तारुण्यात कधीतरी, शेतातून येताना, काका आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि सगळ्या गल्लीच्या देखत पाणी मागून प्याले. त्यांच्या वडिलांनी पुढं कितीतरी दिवस त्यांना घरात वेगळं वाढलं. काका रोज संध्याकाळी येत राहिले. वडील गेले, तरी येत राहिले. आत बसायला जागा असूनही कधी आत बसले नाहीत. ओट्यावरच, सगळ्यांना दिसेल असे.

आणि तो उन्हाळा वाईट होता. नव्या नळाचा पाइप आधी कुठल्या गल्लीत न्यायचा यावरून दोन गल्ल्यांचं बोलणं तुटलं होतं. कोण कोणाकडं जातो, कोण कोणाच्या लग्नात जेवतो, याकडं सगळे टक लावून होते.

दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉल आला. मी फोन लावला, वजन लिहून घेतलं आणि विचारलं, "काका, बाटलीशिवाय कुठं पाणी होते का?"

"कोठं नाही."

"आमच्या घरी?"

मागं कोंबडी ओरडत होती. मग काका म्हणाले, "ते पानी मोजाचं नसते, माय."

त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. घरात ते घोट न् घोट मोजत होते. आमच्या ओट्यावरचं पाणी त्यांच्या लेखी पाण्यात जमाच नव्हतं. थंडीत एका तांब्यावर निभावत होतं, ऊन चढलं तसे तांबे वाढले. ते माझ्याशी खोटं बोलले नव्हते.

"अंगाला ते कळत नाही ना, काका," मी म्हटलं. "एक घोट घ्या नुसता. बाकीचं राहू द्या."

"घोटभर घेऊन तांब्या खाली ठेवू? लोकं म्हनतीन, ओठ लावून सोडला. त्यापरीस न गेलेलं बरं."

"मग जाऊ नका काही दिवस."

"या दिवसांत? पाइपाच्या झगड्यानंतर सारे डोये लावून बसले हायेत. म्हनतीन, पाहा, शेवटी गेला आपल्या गल्लीत."

"मग बाबांना सांगा. ते समजून घेतील."

"सांगतलं तं तो देनारच नाही. मंग मी तथी कोरड्या घशानं बसून काय करू? तुह्या बापाचं तोंड पाहू?" ते हसले. त्या हसण्यात दोनदा श्वास तुटला. मी ते कागदावर लिहिलं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी काकांचा फोन, संध्याकाळी घरचा फोन. सकाळी मला जे माहीत असायचं ते संध्याकाळी माहीत नसल्यासारखं करावं लागायचं. बाबा फोनवर आले की वाक्य जिभेवर यायचं. बाबा, काकांना पाणी... आणि मी विचारायची, बकरी व्याली का? बाबा म्हणायचे, तुले एकाएकी बकरीची लय फिकर लागली. मोठ्या सिस्टरांना मी नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, पेशंटनंच सांगायला पाहिजे, त्याला तयार कर. मी रोज तयार करत होते. काका रोज 'पाहू' म्हणत होते. ऊन वाढत होतं आणि वजनही. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं तर म्हणाले, हरभऱ्याची मळणी करायची आहे, चार दिवसांनी येतो.

एका सकाळी मिस्ड कॉल आला नाही. काका कधी चुकत नसत. बाकीचे सगळे फोन झाले, तरी नाही. मी लावला. घंटा पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला तेव्हा काकूंनी उचलला.

"रातभर खुर्चीत बसून होते, माय. आडवे झाले का श्वास कोंडते."

"काकू, गाडी बोलवा. आत्ताच."

"म्हनतेत, पह्यले वजन करून पोरीले सांगू. पाय टाकता येत नाही काट्यावर, तरी उठून राह्यले."

"वजन नको. गाडी," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरची सिस्टर वळून पाहू लागली.

ते दुपारी पोचले. ऑक्सिजन, इंजेक्शनं, आणि शेवटी एकदा डायलिसिस करावंच लागलं. पाणी उतरलं तसा चेहरा परत ओळखीचा दिसायला लागला. डॉक्टरांनी काकूंना आणि मला सांगितलं, या वेळी निभावलं. पुन्हा असंच झालं तर दर आठवड्याला मशीनवर यावं लागेल, आणि ते मग सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. गावात कळायचं ते कळलंच होतं. हातात पाण्याचा छोटा कॅन, दुसऱ्या हातात पिशवी.

"काय बे, मले न सांगता शहरात राहाले आला," ते खाटेजवळ बसत म्हणाले. "हे पाह्य, आपल्या माठातलं आनलं. अथचं पानी कसं राह्यते काय मालूम." आणि त्यांनी पिशवीतून तो पितळेचा तांब्या काढला. घासलेला, लखलखीत. तांब्या भरून काकांच्या पुढं धरला.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी "बाबा" एवढंच म्हटलं, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"थांब," ते बाबांना म्हणाले. "मले पानी तोडलं डॉक्टरनं."

"आज?"

"दिवाळीपासून. दिवसाले एक बाटली. तुही पोरगीच रोज फोनवर हिशोब घेते."

बाबांचा हात तसाच पुढं राहिला. "आन रोज माह्या वट्ट्यावर रिचवत होता ते काय होतं?"

"ते राह्यलं."

"काय राह्यलं बे?"

"नाही म्हनलो असतो तं तुले काय वाटलं असतं?"

"मले काय वाटाचं?" बाबा म्हणाले. "मले वाटलं असतं, याले तहान नाही."

काकू पदरानं तोंड पुसू लागल्या. काका काहीतरी बोलायला गेले, पण बाबांनी बोलू दिलं नाही.

"चाळीस वर्सं झाले. अजून बी तुले वाटते का मी तुहे घोट मोजून राह्यलो? आन माह्या हातानं माह्याच दोस्ताले जहर पाजाले लावलं मले. मी अजून घे, अजून घे म्हनत होतो."

ते उठले. तांब्यातलं पाणी सांडायला आमच्याकडं कोणाचा हात उठत नाही. ते पाणी त्यांनी उभ्याउभ्या स्वतःच पिऊन टाकलं, सगळं, मध्ये न थांबता. मग तांब्या पिशवीत घालून बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. पॅसेजच्या टोकाला त्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो. पण मला सांगता येत नव्हतं, बाबा. पेशंटचं..."

"नोकरीचं असंन ते. ठीक हाय," ते म्हणाले. पण माझ्याकडं पाहिलं नाही. बसस्टँडला सोडायला येऊ का म्हटलं, तर मान हलवून एकटेच निघून गेले.

काका घरी गेले. आणि आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. काट्यावर तर झालंच होतं. वजन इतकं जागच्या जागी राहू लागलं की डॉक्टरांनी मला शाबासकी दिली. पण फोनवर आता कोणी 'गुरुजी' म्हणत नव्हतं. आकडा, हाव, हाव, नाही, संपलं. आई संध्याकाळी सांगायची, तुहा बाप वट्ट्यावर बसतच नाही, आत बसते. काका दोन संध्याकाळी आले, रिकामा ओटा पाहून तसेच पुढं गेले. गल्लीत बोलणं सुरू झालंच. पाहा, पाइपानं तोडलं शेवटी. ज्या गोष्टीला भिऊन काकांनी अंगात पाणी साठवलं, ती व्हायची ती झालीच.

मग काकांचा मिस्ड कॉल उशिरा यायला लागला. मग एक दिवस आड. मी लावला की म्हणायचे, राह्यलं आज. एकदा म्हणाले, रोज रोज काट्यावर उभं राहून काय पाहू? सकाळची गोळी काकूंना खिशात सापडली. काकांची सूज उतरलेली होती, तरी मी आधीपेक्षा जास्त घाबरले. श्वास तुटलेला फोनवर ऐकू येतो. माणसानं मनातून सोडून दिलं की ऐकायला काहीच उरत नाही.

एका संध्याकाळी बाबांनी आईच्या हातून फोन घेतला.

"त्याले एक बाटली पानी चालते म्हने."

"बाबा, ते मी..."

"तू सांगू नोको. त्यानंच सांगतलं माह्या तोंडावर. मी इचारून राह्यलो, बाटली कोन्ती? लहान का मोठी?"

"एक लिटरची."

"च्या धरून?"

"चहा धरून."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या नंबरवरून सरळ फोनच आला. काकू होत्या.

"तुहा बाप आल्ता सकाई. हातात बाटली. सारी वरची गल्ली दात घासत उभी, आन हा मधातून आला, आमच्या घरात. म्हने वयनी, हे याचं दिवसभराचं. घरचं पानी बंद. यातलंच पेजो, च्या बी यातलाच कर. मी म्हनलं, भाऊजी, आमच्या घरी पानी नाही काय? तं म्हने, तुमच्या घरच्या पान्यात मीठ हाय."

"मग काका?"

"तोंड फिरवून बसले होते. तुहा बाप म्हने, थोडंसं बुडाशी ठेवजो. संध्याकाळी वट्ट्यावर घेऊन येजो, तथी पेजो. उरलं नसंन तं तसाच येजो. तहान नाही म्हनजो, मी समजून घेईन."

"बाटली कुठं ठेवली?"

"देवापुढं, काट्यापाशी. अजून कोठं ठेवू?" मग हळूच म्हणाल्या, "गोळी घेतली आज. मीच पाह्यलं."

तेव्हापासून ते तसं चाललं आहे. मी सुटीवर गेले की पाहते. काका शेतात जाताना पिशवीत ती बाटली असते, परत येताना तिच्या बुडाशी दोन-तीन घोट राखलेले असतात. ओट्यावर बसून ते हळूहळू पितात. बाबा पितळेच्या तांब्यातून पितात. गल्लीतल्यांना आधी नवल वाटलं, आता वाटत नाही. पाइपाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

काकांचं दुखणंही मिटलेलं नाही, ते मिटणारं नाहीच. डॉक्टर म्हणतात, जितकं लांबवता येईल तितकं लांबवू. म्हणून रोज सकाळी त्यांच्या मिस्ड कॉलच्या वेळेला माझं बाकीच्या कामात लक्ष लागत नाही. मी फोन पालथा ठेवते, परत उलटा करून पाहते.

गेल्या आठवड्यात असाच उशीर झाला. मग फोन वाजला, आणि वाजतच राहिला. मी उचलला.

"उचलला काऊन?" पलीकडं बाबा होते. "मी मिस कॉल देऊन राह्यलो ना."

"तुम्ही तिथं काय करता, बाबा?"

"बाटली द्याले आलो. याचा चष्मा सापडत नाही, तं आकडा कोन पाहीन? थांब, वाकतो जरा." मग एक आकडा. लगेच मागून काकांचा आवाज, "हट बे, तू उलट्या बाजूनं पाहून राह्यला," आणि दुसराच आकडा.

"काटा हालवू नोका," काकू म्हणत होत्या. "देवापुढची फरशी हाय ते."

"काका, सूज?" मी विचारलं. "दम? बांध चढताना?"

"एकेक इचार, गुरुजी," काका म्हणाले. मी पेन उघडून बसले आणि ते दोघं एका आकड्यावर येण्याची वाट पाहत राहिले.